नागपंचमीचा पहारा

सकाळी आठला एकोणीस मिलिमीटर, नऊला एकतीस, दहाला त्रेपन्न.

कौमुदीने तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि शेजारी त्यांच्यातले फरक मांडले. बारा. बावीस. टेम्पो खड्ड्यात आदळला आणि बावीसमधल्या शेवटच्या दोनाची शेपटी वहीच्या कडेपर्यंत ओढली गेली.

"हळू घेऊ का मॅडम?" वाहिदने विचारलं.

"नको. जमेल तेवढं जोरात."

वाहिदने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गिअर बदलला. कामशेत मागे पडलं होतं. नाणे मावळाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना भाताची खाचरं काठोकाठ भरून उभी होती. तीन दिवस धो धो कोसळून पाऊस आज सकाळी थांबला होता, आणि कौमुदीला हे थांबणंच नको होतं. पाऊस थांबला की माणसं सैल पडतात. डोंगरात मुरलेलं पाणी मात्र आपल्या वेळेने उतरत राहतं.

हे आकडे होते एका भेगेचे. जांभळदरा ही सत्तावीस उंबऱ्यांची वाडी, आणि वाडीच्या डोक्यावरच्या उतारावर दोन वर्षांपूर्वी पडलेली एक भेग. भेगेच्या वरच्या बाजूला खडकात एक लोखंडी खांब, खालच्या बाजूला दुसरा, आणि दोघांमध्ये ताणलेली एक बारीक तार. भेग उघडली की तार ओढली जाई, तिच्या टोकाची फिरकी फिरे आणि किती फिरली ते कौमुदीला तळेगावात कळे, वाडीच्या शाळेतल्या एका डब्यावरही दिसे. एवढंच यंत्र. मूळ आराखडा नेपाळच्या डोंगरात काम करणाऱ्या निरुता तामाङ नावाच्या इंजिनिअर बाईचा. तिच्या गटाने तो कुणालाही फुकट देऊ केला होता. अट एकच, तुम्ही त्यात जे बदलाल ते आम्हालाही कळवा. वाहिदने नवलाख उंबरे गावातल्या आपल्या वर्कशॉपमध्ये फिरकीला पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग बसवलं, कारण मूळचं पावसात गंजत होतं. आता वाहिदचं बेअरिंग नेपाळातल्या तीन डोंगरांवरही फिरत होतं. त्याचा फोटो त्याने टेम्पोच्या काचेवर चिकटवला होता, अजमेरच्या फोटोशेजारी.

"पण मॅडम, पुन्हा म्हैस असली तर?" वाहिद म्हणाला.

कौमुदीने वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवलं. तोच प्रश्न तिलाही खात होता.

जुलैत कोंडाजीच्या म्हशीने खालच्या खांबाला अंग घासलं होतं. आकडा एकदम चढला, भोंगा वाजला, आणि भर पावसात सगळी वाडी ओढ्यापलीकडच्या शाळेत जाऊन बसली. तीन तास. डोंगर जागचा हलला नाही. घराघरांत चुलीवरचं करपलं, आणि तेव्हापासून वाडीत त्या यंत्राचं नाव पडलं 'म्हशीचा भोंगा'. पुढच्या ग्रामसभेत कौमुदीने उभं राहून सगळ्यांसमोर शब्द दिला होता की यापुढे नुसत्या यंत्राच्या सांगण्यावर भोंगा वाजणार नाही. आकडा चढला की वाडीतल्या चिमाबाईने भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोकायची, टेपने अंतर मोजायचं, वीस मिनिटांनी पुन्हा मोजायचं. यंत्र आणि खुंट्या दोघांचं जुळलं तरच भोंगा. भोंग्याची किल्ली चिमाबाईकडे. किल्ली गावाच्याच हातात राहील, हे निरुताच्या आराखड्यातलं पहिलं वाक्य होतं.

पावणेअकराच्या सुमारास चिमाबाईचा फोन लागला, आणि तो पहिल्याच घंटीला उचलला गेला. जांभळदऱ्यात फोनला रेंज एकाच ठिकाणी होती. यंत्रापाशी.

"चिमामावशी, कुठं आहात तुम्ही?"

"हितंच की. यंत्रापाशी. पहाऱ्याला बसलीया."

"कसल्या पहाऱ्याला?"

"आता ही बया मलाच इचारती! तुमच्या यंत्रानंच निरोप धाडला न्हवं का सकाळी शाळंतल्या डब्यावर? पहिरो म्हून. मी म्हनलं, नेपाळचं यंत्र, त्याला पहाऱ्याबिगर दुसरं काय सुचनार? लोनावळ्याला बंगल्याबंगल्यावर नेपाळी त्येच तर करत्यात. आले शेंगा घिऊन. बसलीया कवाची, हालली न्हाई बगा."

कौमुदीच्या हातातली पेन्सिल थांबली. यंत्राचे निरोप दोन पातळ्यांचे होते. पहिल्या पातळीचा निरोप तिने स्वतः मराठीत घातला होता: सावध राहा. दुसऱ्या पातळीची ओळ तिने मागे ठेवली होती; नेमका कोणता शब्द घालावा हे ठरत नव्हतं, आणि ती पातळी येईपर्यंत वेळ आहे असं तिला वाटलं होतं. ओळ रिकामी दिसली म्हणून यंत्राने मूळचा नेपाळी शब्द पाठवला होता.

"मावशी, नीट ऐका. पहिरो म्हणजे पहारा नाही. नेपाळीत पहिरो म्हणजे दरड."

पलीकडे शेंगांची पिशवी सरकल्याचा आवाज आला.

"आन मी तिच्या मांडीवरच बसलीया व्हय?"

"उठा. आधी भेगेच्या वरच्या अंगाला जा."

"वर कशाला? माझी लेक इंद्रायनी खाली हाय. काल आलीया परंदवडीसनं, कडंवर पोर. आज सगळ्यांच्याच लेकी आल्यात म्हायेराला. घरात पाय ठिवाया जागा न्हाई."

कौमुदीने डोळे मिटले. सत्तावीस उंबरे म्हणजे एकशे दहा माणसं. तिने धरलेला आकडा तोच होता. आज त्यात लेकी, जावई, नातवंडं.

"यंत्र आता काय म्हनतं?" चिमाबाईने विचारलं.

"नव्वद."

"लय झालं की. पन आबा म्हन्तात, पोरी लोंबकाळल्या असतील तारंला. सकाळधरनं हितंच झोका चाललाय त्येंचा. मीच आत्ता हाकलल्या खाली." आबा म्हणजे कोंडाजी, तिचा थोरला दीर. म्हैसवाला.

"टेप आहे ना तुमच्याजवळ? खुंट्या ठोका लगेच."

"आज?"

"आत्ता."

"म्याडम, आज नागपंचमी हाय. आज भुईत काय बी खुपसत न्हाईत. खनत न्हाईत, चिरत न्हाईत. घरात इळी न्हाई घेतली हातात, तवा न्हाई ठिवला चुलीवर. आन मी लोखंड मारू भुईत?"

नियम लिहिताना कौमुदीने सगळ्या शक्यता धरल्या होत्या. अंधार, मोडलेली टेप, आजारी चिमाबाई. पंचांग धरलं नव्हतं.

"मावशी, वेळ नाही आपल्याकडे..."

"मला कळतंय. माझं पाप मी फेडीन. पन मी खुटी ठोकली तर खाली भोंगा ऐकनार कोन? म्हन्तील, पंचमीला भुईत लोखंड मारलं आन आता वरडतीया. उटायचं न्हाईत जाग्यावरनं."

ते खरं होतं. कौमुदी वाद घालायला तोंड उघडत होती ते तिने मिटलं. टेम्पो एका वळणावर कलला. वाहिद दातांखाली काहीतरी पुटपुटला. भुईला धक्का न लावता त्या उतारावर सकाळपासून काय मोजलं गेलंय? काय ताणलेलं आहे, तारेशिवाय?

"मावशी, झोका कुठं बांधलाय?"

"आं?"

"झोका. कोणत्या झाडाला?"

"येक टोक हिरड्याला, येक जांभळीला. दर साली तितंच अस्तो."

कौमुदीने वहीची मागची पानं उलटली. तिने त्या उताराचा नकाशा हाताने काढला होता, त्यात दोन ठिपके होते. हिरडा, भेगेच्या वर. जांभूळ, भेगेच्या खाली. मधलं अंतर पाच मीटर.

"कधी बांधला? पाट किती उंच होता?"

"आठाला बांधला. वीतभर ठिवला भुईपास्नं. नातीचं पाय टेकलं पायजेत म्हून मीच वीत लावून बगितली."

"आता लावा. पाटावर कुणी बसू नका, नुसता लोंबू द्या."

पावलांचा आवाज दूर गेला. कौमुदी ऐकत राहिली. कुठेतरी एक पाखरू ओरडत होतं, आणि ते शांतपणे ओरडत होतं याचं तिला बरं वाटलं. मग श्वास लागलेली चिमाबाई फोनवर आली.

"वीत. आन वर चार बोटं." ती थांबली. "अगं बया. पाट वर चढलाय."

"दोर कसला आहे? काथ्याचा की सुताचा?" ओला काथ्या आकसतो, सूत आकसतं; तेवढ्यानेही पाट उचलला जाऊ शकतो. तसं असेल तर या चार बोटांना काही किंमत नव्हती.

"कात्याचा कुटला? वाहिदभाऊंनी दिल्याला की. यंत्राच्या कामातला उरला व्हता त्यो."

कौमुदीने वाहिदकडे पाहिलं.

"नायलॉन," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "बारा एमएम. भिजून आखडत नाय, उलट सैलावतो."

तिने पेन्सिल उचलली. दोन झाडांत पाच मीटर, मध्ये दोराचा खाली लोंबलेला झोळ साधारण सव्वा मीटर. अशा मापात झाडं जेवढी लांब जातील साधारण तेवढाच पाट उचलला जाईल. चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर, थोडं पुढे-मागे. नव्वदातून आठ वाजताचे एकोणीस वजा केले. एकाहत्तर मिलिमीटर.

जुळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच, दोन मापं जुळली याचा तिला आनंद झाला नाही.

"मावशी, भोंगा वाजवा."

"ह्ये म्हशीचं न्हाई ना?" चिमाबाईने हळू विचारलं.

"म्हैस तार हलवेल. हिरड्याचं झाड नाही हलवणार."

"पुन्ना खोटं ठरलं तर तुमी तळेगावात. मला हितं ऱ्हायाचं हाय. मागच्या टायमाला मला पानवठ्यावर कुनी बोलत नव्हतं आठ दिस."

"मी येतेय. खोटं ठरलं तर तुमच्या शेजारी उभी राहीन."

"उबं ऱ्हाऊन काय व्हतंय म्याडम," चिमाबाई म्हणाली, आणि मग कमरेची किल्ली चाचपल्याचा बारीक आवाज आला. "जाते मी."

फोन तुटला. ती रेंजच्या बाहेर गेली होती, खाली, त्याच उतारावरून जिथून कौमुदीने तिला उठून जायला सांगितलं होतं. यंत्रापासून भोंगा बसवलेल्या मारुतीच्या देवळापर्यंत दहा मिनिटांची पायवाट होती. कौमुदीने घड्याळ मांडीवर ठेवलं. दहा मिनिटं झाली. बारा झाली. आकडा एकशे आठ झाला. वाहिदने काच खाली केली. पंधराव्या मिनिटाला शेवटचं वळण आलं आणि डोंगराच्या पोटातून यावा तसा भोंग्याचा लांब, चिरका आवाज दरीत पसरला.

"अल्हमदुलिल्लाह," वाहिद म्हणाला.

ते पोचले तेव्हा वाडी ओढ्यावरचा साकव ओलांडून शाळेच्या पटांगणात येत होती. घाबरून नव्हे, वैतागून. नव्या साड्या, हातात मेंदी, कडेवर पोरं. कुणीतरी पुरणाच्या दिंडांचं पातेलंच उचलून आणलं होतं. इंद्रायणीने बाळाला पदराखाली घेतलं होतं आणि ती आईला म्हणत होती, "आई, आज तरी कशाला गं? सासरी काय सांगू, म्हायेरात म्हशीच्या भोंग्यावर नाचले म्हून?"

कोंडाजी सगळ्यांत शेवटी आला. सत्तरीचा, ताठ. तो कौमुदीसमोर उभा राहिला.

"कुटं हाय तुमची दरड, बाई? म्हशीवर बसून येतीया का?"

चार जण हसले. कौमुदीने आकडे सांगितले, झोक्याचं सांगितलं. झोक्याचं ऐकून दोन म्हाताऱ्या गप्प झाल्या. बाकीच्यांनी कान दिला नाही. साडेअकरा वाजले. बारा. डोंगर हिरवागार, ढगात डोकं घालून बसलेला. पातेलं उघडलं गेलं, तूप कुणी आणलं नाही यावरून भांडण झालं. कौमुदी दर पाच मिनिटांनी फोनकडे बघत होती; शाळेत रेंज नव्हती, पण यंत्राचा रेडिओ शाळेतल्या डब्यावर आकडा दाखवत होता. एकशे सव्वीस. एकशे चौतीस. एकशे चाळीस.

एकशे चाळीस.

एकशे चाळीस.

वीस मिनिटं आकडा हललाच नाही. "थांबलं की," डब्यापाशी उभा असलेला कुणीतरी ओरडला, आणि पटांगणात हालचाल सुरू झाली. चपला शोधल्या जाऊ लागल्या. कौमुदी डब्यासमोर उभी होती. फरक शून्य. तिच्या वहीप्रमाणे, तिच्या शिक्षणाप्रमाणे, फरक शून्य म्हणजे डोंगर थांबला.

"मॅडम," वाहिद तिच्या कानाशी म्हणाला, "तो थांबला नाय. फिरकी थांबली. तिच्यावर तार तेवढीच हाय, एकशे चाळीस. मीच कापलीय मापाने. पुढं ती अडते."

ती वळेपर्यंत कोंडाजी साकवापर्यंत पोचला होता. त्याची म्हैस गोठ्यात दाव्याला बांधलेली होती, दुपारच्या वैरणीची वेळ झाली होती. आणि साकवाच्या तोंडावर, दोन्ही हात दोन कठड्यांना लावून, चिमाबाई उभी होती.

तीस वर्षांत ती थोरल्या दिरासमोर डोईवरच्या पदराशिवाय आली नव्हती, की त्याच्याशी वर मान करून बोलली नव्हती. आत्ताही पदर डोक्यावर होता. मान मात्र वर होती.

"आबा, पलीकडं जायाचं न्हाई."

"बाजूला व्हय."

"न्हाई."

"चिमे, माझं जनावर बांधलंय तितं. येका धावंत सोडून येतो."

"न्हाई आबा."

"तू कोन मला आडवनारी?"

"यंत्रानं मला पहारा सांगितलाय," चिमाबाई म्हणाली. "सकाळच्याला चुकीच्या जागी बसले व्हते. आता बराबर जागी हाय."

कोंडाजीने काठी उचलली. मारायला की तिला बाजूला सारायला, ते त्यालाही ठाऊक नसावं. मागून कुणीतरी "आबा!" म्हणून ओरडलं. चिमाबाईने डोळे मिटले, पण कठडे सोडले नाहीत. पलीकडून म्हैस हंबरली; तिला वेळ कळत होती. किती वेळ ते तसे उभे होते, कौमुदी सांगू शकली नसती. तिच्यासारखी प्रत्येक गोष्टीची वेळ लिहून ठेवणारी बाई. तिला एवढंच आठवतं की ते सात-आठ श्वास होते, आणि मग उतारावरचं जांभळाचं झाड उभ्या उभ्या चालू लागलं.

ते पडलं नाही. आधी चाललं, मागे पाट लोंबत. मग दोर तुटला. मग आवाज आला, दगडांनी भरलेले शंभर ट्रक एकदम रिकामे व्हावेत तसा, आणि लाल चिखलाची जीभ वाडीच्या वरच्या आळीवरून सरकत मारुतीच्या देवळापाशी येऊन थांबली. सात घरं. कोंडाजीचा गोठा. एक वाजून चार मिनिटं.

हंबरणं थांबलं होतं.

पटांगणात कुणी रडलं नाही. आधी सगळ्यांनी माणसं मोजली. नावं घेऊन, मग बोटांवर, मग पुन्हा नावं घेऊन. एकशे बासष्ट. सगळी. चिमाबाई साकवावरच खाली बसली. कोंडाजी तिच्याकडे न बघता तिच्या शेजारी उभा राहिला, काठीवर दोन्ही हात ठेवून, समोरच्या चिखलाकडे बघत. तो म्हणाला, "गाभन व्हती."



वाहिदने शाळेच्या छपरावर अँटेना चढवून रेंज आणली होती. बाराव्या दिवशी वर्गात, लाकडी बाकावर टेकवलेल्या फोनमध्ये निरुता तामाङचा चेहरा दिसत होता. ती हिंदीत बोलायची, कौमुदी मराठीत सांगायची. सात घरांची माणसं अजून शाळेतच राहत होती. भिंतीवर मुलांच्या पाढ्यांशेजारी धुणं वाळत होतं. निरुताने झोक्याची सगळी हकीकत दोनदा ऐकली, मापं लिहून घेतली आणि म्हणाली की आमच्याकडे दसऱ्याला मोठे झोपाळे बांधतात, पण पुढच्या वर्षीपासून दोन झाडांमध्ये एक दोर पावसाळ्यातच बांधून ठेवू. तो कुठल्या सणाला अडत नाही.

"आणि दुसऱ्या पातळीचा शब्द?" तिने विचारलं. "चूक माझीही आहे. रिकामी ओळ असेल तर यंत्राने बोलायलाच नको होतं. तुम्ही काय घालताय?"

कौमुदीने वहीत 'दरड' असं लिहून आणलं होतं. तिने तो शब्द वाचून दाखवला.

"दरड म्हनलं की मानूस वर बगत ऱ्हातं," चिमाबाई म्हणाली. "कुटनं येतीया म्हून. काय करायचं त्ये सांगा. निघा म्हना."

'निघा.' कौमुदीने दरड खोडून ते लिहिलं. वर्गात सगळ्यांच्या माना हलल्या.

"आन पुढं?" दारातून आवाज आला. कोंडाजी उंबऱ्यावर उभा होता. या बारा दिवसांत तो चिमाबाईशी एक अक्षरही बोललेला नव्हता, आणि आत्ताही त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो फोनकडे बघून बोलला, जणू निरुतालाच. "निघा म्हनलं की मानसं निघत्यात. जनावर दाव्याला ऱ्हातं. आदी दावी सोडा म्हना. मंग निघा."

कौमुदीने ते हिंदीत सांगितलं. 'दावं'ला हिंदी शब्द तिला पटकन सुचेना. तिने गळ्याभोवती हात फिरवून, दोरीची गाठ सोडल्याची खूण करून दाखवली.

"दाम्लो!" निरुता म्हणाली. "आम्ही दाम्लो म्हणतो." ती खाली मान घालून लिहू लागली. "आमच्याही यंत्रात घालते. मागच्या वर्षी आमचा एक माणूस गाय सोडायला परत गेला होता. तो दरडीखालीच राहिला."

"काय म्हनली?" कोंडाजीने विचारलं.

"दाम्लो म्हणतात ते. दाव्याला."

"दाम्लो." त्याने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. मग पहिल्यांदाच चिमाबाईकडे वळून म्हणाला, "ऐकलं का चिमे? ह्यो शबूद तरी नीट ध्येनात ठेव. न्हाईतर बसशील पुन्ना शेंगा घिऊन."

चिमाबाईने पदर पुढे ओढला. "व्हय आबा," ती म्हणाली.

कौमुदीने वहीतली ओळ पूर्ण केली, नव्या यंत्रात घातली, आणि या वेळी पुन्हा एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली.

दावी सोडा. निघा.